ऐकू येईल एवढं घर

घर बघायला गेलेली माणसं काय काय बघतात! पाणी किती वेळ येतं, ऊन कुठून येतं, शेजारी भांडकुदळ आहेत का. टिचकीबाई यातलं काहीच बघायची नाही. ती नवऱ्याला बाथरूममध्ये उभं करायची, दार लोटून घ्यायची आणि बाहेरून म्हणायची, "हं, बोला."

"काय बोलू?"

"काहीही बोला. पण हळू बोला."

नवरा बस डेपोत मिस्त्री. मुळात त्याला बोलायची हौस कमी, त्यात परक्याच्या बाथरूममध्ये उभं राहून काय बोलणार? तो आपला गाडीच्या सुट्या भागांची नावं घ्यायचा. क्लचप्लेट, फॅनबेल्ट, ब्रेकलायनर, गॅस्केट. इकडे टिचकीबाई मान कलती करून आधी ओट्याशी उभी राहायची, मग पुढच्या खोलीत, मग पार गॅलरीच्या टोकाला. गॅस्केट ऐकू आलं नाही की घर बाद. दलाल पहिल्या घरात हसला, दुसऱ्या घरात गप्प झाला, आणि तिसऱ्यानंतर त्याने यांचा फोन उचलणंच सोडलं.

तिचं हे नाव कारखान्यातलं. कपबश्यांच्या कारखान्यात भट्टीतून निघालेला माल तिच्यापुढे यायचा. एका हाताच्या बोटांवर कप तोलायचा, दुसऱ्या हाताने टिचकी मारायची आणि ऐकायचं. धड कप खणकन वाजतो. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर बद्द वाजतो. खणकन तो डावीकडे, बद्द तो उजवीकडे. दिवसभर हेच काम, आणि इतकी वर्षं केलेलं, की घरीसुद्धा नवा पेला आला की तिचं बोट आपोआप उठायचं. जे बिघडलंय ते आपल्याला ऐकू येणारच, ही तिची समजूत त्या कामातून आली आणि हाडीमाशी खिळली.

तर अशी ही बाई चांगलं चार खोल्यांचं घर सोडून लहान घर शोधायला निघाली, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, का बाई? टिचकीबाईकडे कारणांचा तोटा नव्हता. शेजारणींना सांगितलं, कारखाना जवळ पडेल. कारखान्यात सांगितलं, नवऱ्याला डेपो जवळ पडेल. नणंद तर खास चौकशीला म्हणून येऊन बसली. नाकाने कांदे सोलण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

"वहिनी, माणसं लहान घरातून मोठ्या घरात जातात. तुमचं आपलं उलटंच काहीतरी."

"केर काढून कंबर मोडते हो वन्सं."

"मग दोन खोल्यांना कुलूप लावा. केर नको नि काही नको."

 टिचकीबाई चहा करायला उठली. खरं कारण तिने नणंदेला सांगितलं नाही, नवऱ्यालाही शब्दांत कधी सांगितलं नाही. पण ते सगळं घडलं त्या दिवशी नवरा, उशिरा का होईना, घरी आला होता. त्याला सांगायची गरज नव्हती.

त्यांना एकच मुलगी. नऊ वर्षांची असताना तिला फिट यायला लागल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घाबरू नका म्हणाले, आणि दोघं नवराबायको घाबरले नाहीत असं दाखवत घरी आले. गोळ्या लागू पडल्या. मध्ये बराच काळ काही झालं नाही. मग मुलगी बारा वर्षांची असताना एका दुपारी ती अंघोळीला गेली. बाथरूम घराच्या मागच्या टोकाला, मध्ये बोळ, आणि स्वयंपाकघर पुढच्या टोकाला. टिचकीबाईने मिक्सर लावला होता. मिक्सर थांबला तेव्हा तिला मागून नळाचा आवाज आला. पाणी पडतंय, म्हणजे पोरगी अंघोळ करतेय, असं तिला वाटलं. तिने मिक्सरचं भांडं धुतलं. ओटा पुसला. दोन डबे उगाच काढून पुन्हा लावले. त्या दिवसातली हीच गोष्ट तिला सगळ्यात छळायची, की आपण डबे लावत होतो.

बोळातून पाण्याचा ओघळ पायापर्यंत आला तेव्हा तिने मागे बघितलं. हाका मारल्या, दार बडवलं. आतून कडी होती. शेजारचा माणूस धावत आला आणि त्याने खांद्याने दार फोडलं. मुलगी कुशीवर पडलेली होती. मोरीचं तोंड तिच्या केसांनी तुंबलं होतं, पाणी चढत होतं आणि नाकाच्या दोन बोटं खाली येऊन पोचलं होतं. मुलगी वाचली. पुढचा एक दात अर्धा तुटला, बाकी काही नाही. संध्याकाळी ती उठून बसली आणि तिने बिस्किटं मागितली. टिचकीबाईने बिस्किटं दिली, आणि त्या संध्याकाळपासून तिचा जीव जो टांगणीला लागला तो लागलाच.

दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या कड्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी नियम झाला, की बाथरूममध्ये असेपर्यंत मुलीने गात राहायचं. गाणं थांबलं की आई धावणार. पोरीला गाण्याचं अंग असतं तर गोष्ट वेगळी. पण ती इतकी बेसूर, की तिची ती पट्टी ऐकून समोरच्या घरातलं कुत्रं उठून दुसरीकडे जायचं. बाप तिला रेडिओ म्हणायला लागला. "आज रेडिओवर बातम्या नाहीत का गं?" मुलगी आतून बातम्या द्यायची. घरात हशा पिकायचा. टिचकीबाईही हसायची, पण एक कान तिकडेच.

हसण्यावारी जात नव्हत्या त्या मधल्या जागा. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतची जागा. तोंडाला साबण लावताना पडणारी जागा. तेवढ्यात टिचकीबाईच्या हातातला झारा हवेत थांबायचा.

"अगं!"

"आहे गं आई! साबण लावतेय!"

मग झारा खाली यायचा. चार खोल्यांच्या घरात ती जिवाचे कान करून फिरायची, आणि तरी दर दिवशी कुठली तरी एक खोली तिला ऐकू यायची नाही. गच्चीवरून ऐकू यायचं नाही. मागच्या खोलीचं दार वाऱ्याने लागलं तर ऐकू यायचं नाही. घर मोठं म्हणजे मरायला जागा जास्त, असं तिच्या मनाने घेतलं होतं. हे ऐकायला कसंतरीच वाटतं, पण तिला ते अगदी साधं आणि उघड वाटत होतं.

शेवटी दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर असं घर मिळालं. भिंती अशा पातळ, की शेजारच्यांनी चमचा टाकला तरी कळावं. बाथरूम स्वयंपाकघराला चिकटून. मिस्त्रीने आतून फॅनबेल्ट म्हटलं आणि टिचकीबाईचा चेहरा उजळला. त्या घरासाठी मिस्त्रीने आपली गच्चीवरची झाडं वाटून टाकली. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली. पलंगावर बसलं की गुडघे कपाटाला लागायचे. तो एवढंच म्हणाला, "बरंय. आता किल्ल्या हरवल्या तरी सापडतील."

या घरात मुलीला एकदाही फिट आली नाही. पहिली दोन वर्षं टिचकीबाईने हे मोठ्याने बोलायचं टाळलं. मग हळूहळू बोलायला लागली. घर लाभलं, म्हणाली. नणंद आली तेव्हा तर जरा तोऱ्यातच म्हणाली. मुलगी शिकली, मोठी झाली आणि पुस्तकं बांधायच्या कारखान्यात लागली. तिथे कागद कापायचं मोठं यंत्र आहे हे कळल्यावर टिचकीबाईने दोन दिवस अन्न गोड लागू दिलं नाही, ना स्वतःला ना दुसऱ्याला. मुलीने शपथेवर सांगितलं की आपलं काम नुसतं शिवायचं आणि चिकटवायचं, यंत्राकडे आपण फिरकतसुद्धा नाही. मग कुठे तिला जाऊ दिलं. संध्याकाळी जिन्यावर मुलीची पावलं वाजली की टिचकीबाईचा दिवस संपायचा. बाहेर काय होतं त्यावर तिचा इलाज नव्हता, पण घर तिच्या मुठीत होतं.

आणि मग तिच्या कानांनी दगा द्यायला सुरुवात केली.

आधी कारखान्यात कळलं. तिने डावीकडे ठेवलेले कप बाजारातून तडकलेले म्हणून परत आले. देखरेखीचा माणूस भला होता, तो नुसतं म्हणाला, "बाई, बरं नाही का?" टिचकीबाईने मान हलवली. त्या दिवसापासून ती कप कानाशी नेऊन वाजवायला लागली. तरी काही आवाज पोचायचे आणि काही वाटेतच राहायचे. डॉक्टरकडे ती गेली नाही. गेलं की ते खरं होईल अशी तिला धास्ती होती.

घरी तिने पंखा बंद करायला सुरुवात केली. मुलगी अंघोळीला गेली की पंखा बंद. मिस्त्री बनियन भिजेपर्यंत घामाघूम होऊन बसायचा.

"अगं, उकडतंय."

"थोडा वेळ. ती बाहेर येईपर्यंत."

"ती पूर्वी पंखा चालू असताना नाही का बाहेर यायची?"

 मध्ये भिंत होती ना! एक भिंत, एक दार. टिचकीबाईला त्या भिंतीपलीकडे पाणी चढताना दिसायचं. एके दिवशी गाणं चालू असताना तिला ते ऐकूच आलं नाही आणि ती धाडकन दार ढकलून आत घुसली. मुलगी ओरडली. तेवीस वर्षांची मुलगी ती, टॉवेल ओढून घेऊन कोपऱ्यात उभी राहिली आणि रडायला लागली. टिचकीबाईने माफी मागितली. मागता मागता तिच्या मनात मात्र एकच चाललं होतं, की हे घर आता मोठं झालं.

म्हणून तिने कुणाला न सांगता एक खोली बघून ठेवली. कारखान्याच्या मागच्या गल्लीत, एकच खोली. एका कोपऱ्यात ओटा, दुसऱ्या कोपऱ्यात मोरी, मोरीला दार नाही, नुसता पडदा. मध्ये भिंत नाही की काही नाही. टिचकीबाईच्या छातीवरचा दगड उतरला. घरमालकीण म्हणाली, "तुम्ही तिघं? अहो, झोपणार कसे?"

"झोपू. आम्हाला सवय आहे."

"घरच्यांना तरी दाखवा आधी. ही घ्या किल्ली, उद्या आणून द्या."

किल्ली मुठीत घेऊन टिचकीबाई घरी निघाली. वाटेत भाजी घ्यावी म्हणून बाजारात शिरली, आणि तिथे खळवाल्या काकू भेटल्या. काकू मुलीच्याच कारखान्यात पुस्तकांना लावायची खळ शिजवायच्या. दोघींची तोंडओळख होती, त्यापलीकडे काही नाही. काकूंनी टोमॅटो निवडता निवडता विचारलं, "काय, आता बरी आहे ना लेक?"

"बरी आहे की. का हो?"

"नाही, परवा जरा जास्त वेळ चालली ना. एरवी लगेच उठून बसते. परवा उठली तरी बराच वेळ डोकं धरून होती. मी म्हटलं रिक्षाने सोडते, तर नको म्हणाली." काकूंनी एक टोमॅटो परत टाकला. "पण तुम्ही काळजी नका करू. आम्हाला आता माहीत झालंय. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं नि शांत राहायचं. यंत्रवालासुद्धा यंत्र बंद करून येतो धावत."

 टिचकीबाई म्हणाली, "हो, सांगितलं तिने." ती तशी खोटं बोलणारी बाई नव्हती, पण एवढं एक तिच्या तोंडून सहज गेलं. भाजी न घेताच ती निघाली. रस्ता ओलांडताना गाडीवाल्याने कचकन ब्रेक मारून शिव्या हासडल्या, त्याही तिला कुणी दुसऱ्याला दिल्यासारख्या लांबून ऐकू आल्या.

घरी आली तेव्हा पंखा चालू होता. मिस्त्री पलंगावर बसून विळीची सैल झालेली मूठ ठोकत होता. बाथरूममधून मुलीचं गाणं येत होतं, नेहमीसारखं बेसूर. इतकी वर्षं त्या आवाजाने तिला धीर दिला होता. आज तो ऐकून तिला भरून आलं नाही की बरं वाटलं नाही. गाणारी मुलगी सुखरूप आहे, हेच तर ती धरून चालली होती.

"तिला फिट येतात," टिचकीबाई म्हणाली.

मिस्त्रीचा हात थांबला.

"कामावर येतात. परवा आली होती." ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने काय, कुठे, कधी, असं काहीच विचारलं नाही, आणि तिला कळायचं ते कळलं. "तुम्हाला माहीत होतं."

"हो," मिस्त्री म्हणाला.

"कधीपासून?"

"तिला नोकरी लागली तेव्हापासून. तिथल्या खळवाल्या काकूंनी डेपोत येऊन सांगितलं होतं. डॉक्टरकडे मीच नेतो तिला. गोळी बदलून दिलीय. पूर्वीपेक्षा कमी आहे म्हणतात."

"आणि मी? एवढ्याशा घरात मीच तेवढी बहिरी?"

तिचा आवाज चढला होता. गाणं थांबलं. टिचकीबाई जागची हलली नाही, ती पहिलीच वेळ. दार उघडलं आणि ओले केस टॉवेलात गुंडाळलेली मुलगी बाहेर आली. तिने बापाचा चेहरा बघितला, आईचा चेहरा बघितला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसली.

"मला का नाही सांगितलंस?" टिचकीबाईने विचारलं. "परक्या बाईने मला बाजारात सांगायचं? का नाही सांगितलंस?"

मुलीने टॉवेलाचं टोक पिळलं. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तू घर आणखी लहान केलं असतंस."

टिचकीबाईच्या मुठीत किल्ली होती. ती तिने पदराआड करायचा प्रयत्न केला, पण मुलीने बघितली.

"कसली किल्ली आहे ती?"

खोटं बोलायला आता त्राण नव्हतं. टिचकीबाईने सगळं सांगितलं. गल्ली सांगितली, ओटा सांगितला, पडदा सांगितला. आपले कान गेले, हेही सांगितलं, आणि ते सांगताना तिला रडू फुटलं. मिस्त्री उठून तिच्याजवळ येऊन उभा राहिला. मुलगी मात्र वेगळंच काहीतरी विचारत होती.

"मोरीला उंबरा आहे?"

"नाही. सपाट आहे."

"कडी नाही ना?"

"दारच नाही तर कडी कुठली?"

"काकूंचं घर त्याच गल्लीत आहे," मुलगी म्हणाली. "आई, ती खोली मला दे. मी घेते. मी एकटी राहीन तिथे."

मिस्त्रीने एकदम वर बघितलं. हे त्यालाही नवीन होतं. टिचकीबाईला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"एकटी? त्या खुराड्यात? राहायचंच असेल तर निदान जरा मोठी जागा..."

"नको. एवढीच हवी. एकच माणूस मावेल अशी."

"आणि आली म्हणजे? पडलीस, पाणी चालू राहिलं, कुणाला ऐकू नाही आलं, म्हणजे?"

"म्हणजे नाही ऐकू येणार," मुलगी म्हणाली. "मलाही भीती वाटते, आई. तुला काय वाटतं, मला वाटत नाही? मी बसूनच अंघोळ करते, बादली भरत नाही, सकाळ-संध्याकाळ बाबांना फोन करीन. त्याच्यापुढे माझ्या हातात काही नाही. तुझ्याही नाही."

 टिचकीबाईने एक गोष्ट विचारली, जी एवढ्या वर्षांत तिने कधीच विचारली नव्हती. "तुला आधी कळतं का गं? येणार म्हणून?"

"थोडं कळतं. तोंडात लोखंडाची चव येते. मी खाली बसून घेते."

"मग?"

"मग काही आठवत नाही. डोळे उघडतात तेव्हा पहिल्यांदा माणसाचं तोंड दिसतं. कामावर काकूंचं दिसतं. काकू म्हणतात, उठलीस का, चहा घे." मुलीने केसांचा टॉवेल सोडला. "लहानपणी तुझं दिसायचं. तुझं तोंड बघून मला वाटायचं, मी मेलेय. दर वेळी वाटायचं. फिटचं मला काही आठवत नाही आई, तुझं तोंड तेवढं आठवतं."

 टिचकीबाईने पदराने डोळे पुसले, ओठ ताणून बघितले, कपाळ सैल करून बघितलं. या वयात चेहरा काय सांगून ऐकतो? शेवटी तिने मुलीपुढे हात केला आणि मूठ उघडली. किल्ली देताना तिने तोंड मात्र भिंतीकडे फिरवलं होतं.